लाल चांदणीसमोर काय लिहायचं?

तुमच्या घरात कुणाची जन्मतारीख १ जून आहे का? आजोबा, आजी, थोरले काका? एकदा विचारून बघा. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीतली कितीतरी माणसं कागदावर एकाच दिवशी जन्मलीत.

आमच्या घरात बाबा आहेत. आजी सांगायची, की बाबा पोळ्याच्या आदल्या दिवशी झाले. पाऊस लागून राहिला होता आणि सुईणीला बैलगाडीतून आणावं लागलं होतं. शाळेत नाव घालायला गेली तेव्हा गुरुजींनी तारीख विचारली. आजीनं पोळा सांगितला, पाऊस सांगितला, सुईण सांगितली. पण रजिस्टरात एकच रकाना होता आणि त्यात यातलं काही बसत नव्हतं. शाळा जूनमध्ये सुरू होते, पोराचं वय पुरेसं दिसायला हवं, म्हणून गुरुजींनी १ जून लिहिलं आणि बाबा शाळेत बसले.

पुढं बाबा सरकारी नोकरीत लागले. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो असा नियम आहे. त्यामुळं ३१ मे ला आपल्याकडं कचेऱ्याकचेऱ्यांत निरोप समारंभ असतात. बाबाही ३१ मे ला नारळ आणि शाल घेऊन घरी आले. खऱ्या तारखेनं गेले असते, तर तीन-चार महिन्यांचा पगार जास्त मिळाला असता. आई अजूनही त्या गुरुजींच्या नावानं कधीकधी कुरकुरते. बाबा मात्र म्हणतात, ‘त्यांनी तारीख नाही म्हणून परत पाठवलं असतं, तर मी कुठं असतो?’

हे सगळं मला आठवायचं कारण म्हणजे माझं काम. मी एका तालुक्याच्या शिक्षण विभागात कंत्राटी पदावर आहे. शाळांची ऑनलाइन माहिती सांभाळणं, आणि ती कशी भरायची हे मुख्याध्यापक, शिक्षक आणि लिपिकांना शिकवणं, हे माझं काम. म्हणजे त्या गुरुजींच्या खुर्चीत आज जी माणसं बसलीत, त्यांना ‘तारखेच्या रकान्यात काय लिहायचं’ हे शिकवणारी मी. आणि या कामात मी एक चूक केली. ती चूक नक्की कशी होती, खोटेपणा होता की हलगर्जी की नुसता व्यवहार, याचा विचार करता करता हा लेख झाला.

*

थोडी पार्श्वभूमी देते. पूर्वी विद्यार्थी म्हणजे जनरल रजिस्टरमधली एक ओळ असायची. शाळेत सगळे त्याला जीआर म्हणतात. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडात बांधलेलं, कपाटात कुलपात ठेवलेलं. शाळा सोडल्याचा दाखला त्याच्यावरूनच निघतो. त्यातली नोंद अशी सहजासहजी खोडता येत नाही. जन्मतारीख किंवा नाव बदलायचं तर वर अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते.

मग २०१५ मध्ये राज्यात ‘सरल’ आलं. प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन. देशपातळीवर यू-डायस आधीपासून होतं, पण त्यात शाळेची एकत्रित आकडेवारी जायची. यू-डायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून एकेका मुलाची स्वतंत्र नोंद सुरू झाली. हे उगाच झालं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली होती, एकाच वेळी सगळ्या शाळांत जाऊन मुलं मोजली होती, कारण कागदावरची मुलं आणि वर्गातली मुलं यांचा मेळ लागत नव्हता. जी मुलं नव्हतीच, त्यांच्या नावावर तुकड्या, शिक्षक, अनुदान चालू होतं. तेव्हा एक मूल एक नोंद, एक नंबर, ही कल्पना मला आजही योग्यच वाटते. अनुदान खाण्यासाठी कागदावर जन्माला घातलेल्या मुलांनी खऱ्या मुलांचंच खाल्लं होतं.

आता प्रशिक्षण कसं असतं ते सांगते. एक हॉल, एक प्रोजेक्टर, पडद्याच्या जागी पांढरी भिंत. तालुक्यातल्या शाळांची पन्नासेक माणसं. निम्म्यांच्या फोनवर शाळेचं लॉगिन उघडत नाही, कारण ओटीपी जातो जुन्या मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर आणि ते बदली होऊन गेलेत. मी स्क्रीनवर फॉर्म दाखवते: नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, आधार, मातृभाषा, प्रवर्ग, उंची, वजन, घरापासून शाळेचं अंतर. काही रकान्यांपुढं लाल चांदणी असते. चांदणी म्हणजे हे भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

माझ्या पहिल्याच वर्षी निवृत्तीला आलेले एक गुरुजी उठले. दोन शिक्षकी शाळा, वहीत सगळं पेन्सिलीनं लिहून घेणारे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी ते मला मॅडम म्हणायचे.

‘मॅडम, एका लेकराची आई नवऱ्याला सोडून माहेरी आलीय. ती म्हणते त्याचं नाव लावू नका. इथं चांदणी आहे. काय लिहू?’

मी म्हटलं, ‘डॉट टाका सर. डॉट टाकला की सेव्ह होतं.’

हॉलमध्ये थोडं हसू झालं आणि पन्नास माणसांनी वहीत लिहून घेतलं, ‘वडील नसतील तर डॉट.’ गुरुजी मात्र हसले नाहीत. ‘बरं’ म्हणाले आणि बसले.

मला तेव्हा वाटलं, मी हुशार आहे. ट्रेनिंग म्हणजे शेवटी अडलेली गाडी पुढं ढकलणं. (सरकारनंही मार्च २०२४ मध्ये ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव लावायचं. म्हणजे त्या आईचा प्रश्न काही जगावेगळा नव्हता.)

*

आता मूळ गोष्ट.

दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट महत्त्वाचा असतो. त्यावर संचमान्यता होते, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. आणि मोजणीत धरायची ती आधार जुळलेली मुलं. आधार जुळणं म्हणजे शाळेतलं नाव, जन्मतारीख आणि लिंग हे आधारवरच्या माहितीशी तंतोतंत जुळणं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडंतिकडं झालं, की ओळ लाल.

सप्टेंबरमध्ये रोज व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी पडते. तालुकानिहाय टक्के, केंद्रनिहाय टक्के, शेवटच्या पाच शाळा लाल रंगात. खाली ठरलेलं वाक्य असतं: आज पाच वाजेपर्यंत पेंडिंग निरंक करावे. निरंक हा सरकारी मराठीतला माझा एके काळचा सगळ्यात आवडता शब्द. सगळं शून्य झालं, आता कुणी काही विचारणार नाही.

पोर्टलवर ड्रॉपबॉक्स नावाची एक सोय असते. मूल शाळा सोडून गेलं आणि अजून दुसऱ्या शाळेनं घेतलं नाही, तर त्याची नोंद तिथं ठेवायची. नवी शाळा तिथून ओढून घेते. ऊसतोडीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर जाणाऱ्या घरातल्या मुलांसाठी ही सोय खरंच गरजेची आहे.

त्या वर्षी आमचा तालुका खालून दुसरा होता. माझ्या लक्षात आलं, की जी मुलं आधार नसल्यामुळं अडलीत, ती ड्रॉपबॉक्समध्ये टाकली तर यादीतून जातात आणि टक्का वर येतो. माझा हिशेब असा होता: आधार नाही म्हणजे ही मुलं संचमान्यतेत मोजली जाणारच नाहीत. मग यादीत ठेवून टक्का कशाला खराब करायचा? महिन्याभरानं परत घेता येतील. मुलं वर्गातच बसणार आहेत, जेवण त्यांना मिळणार आहे, नुकसान कुणाचंच नाही.

मी हे प्रशिक्षणात सांगितलं. शिवाय ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी एक व्हॉइस नोट ग्रुपवर टाकली, एक मिनिट आणि काही सेकंदांची. ‘नमस्कार सर, मॅडम. ज्यांचे आधार पेंडिंग आहेत त्यांनी असं करायचं...’ दोन दिवसांत तालुका वर आला. मला ग्रुपवर अंगठे आले. मार्चमध्ये माझा करार वाढला. तो त्यामुळंच वाढला असं मी म्हणणार नाही, पण मला तसं वाटलं होतं, हे खरं आहे.

महिन्याभरानं परत घ्यायचं, हे बहुतेकांच्या लक्षात राहिलं. काहींच्या नाही राहिलं. मीही यादी तपासली नाही, कारण यादी निरंक होती आणि निरंक यादी कुणी तपासत नाही.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये एक बाई ऑफिसात आल्या. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. गावात शाळा चौथीपर्यंतच, म्हणून पाचवीला शेजारच्या मोठ्या गावात नाव घातलेलं. तिथल्या सरांनी मुलीला वर्गात बसवलं होतं. बसवायलाच हवं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. आधारबद्दल तर सर्वोच्च न्यायालयानंही २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटलंय, की शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं करता येणार नाही आणि केवळ ते नाही म्हणून मुलांना लाभ नाकारता येणार नाही. कायद्याच्या बाजूनं सगळं ठीक होतं.

पण पोर्टलवर ही मुलगी गेल्या सप्टेंबरमध्ये शाळा सोडून गेलेली होती. चौथी पूर्ण केल्याची नोंद नव्हती, त्यामुळं पाचवीत चढवता येत नव्हतं. पुस्तकांचे संच ऑनलाइन संख्येवर येतात, तिच्या नावाचा संच आला नव्हता. सरांनी जुनी पुस्तकं गोळा करून दिली होती आणि आईला विचारलं होतं, ‘वर्षभर कुठं होती पोरगी?’

बाईंनी पिशवीतून चार वह्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. चौथीच्या. प्रत्येक पानावर लाल शाईची बरोबरची खूण, खाली तारीख, खाली गुरुजींची सही. ऑक्टोबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च. मी पानं उलटत राहिले. मुलगी हळूच म्हणाली, ‘मी रोज जायचे.’

आई म्हणाल्या, ‘आमचंच काही चुकलं असंल मॅडम. कागद द्यायचा राहिला असंल. तेवढं बघा.’

*

नोंद दुरुस्त झाली. साडेतीन आठवडे लागले. दुरुस्त होऊ शकली, कारण लाल कापडातल्या जीआरमध्ये तिचं नाव होतं आणि कागदी हजेरीपटावर रोजची हजेरी होती. ती शाळा त्याच गुरुजींची होती. ते तोवर निवृत्त झाले होते, पण कपाट नीट लावून गेले होते.

माझ्या डोक्यातून मात्र ‘आमचंच काही चुकलं असंल’ हे वाक्य जात नाही. मी खोटं बोलले होते का? शब्दशः पाहिलं तर नाही. ड्रॉपबॉक्स ही अधिकृत सोय. बटण पोर्टलनंच दिलेलं. मी कुठंही बनावट नाव घातलं नाही, एकही खोटा आकडा टाइप केला नाही.

आपल्याकडं याला एक जुना शब्दप्रयोग आहे: नरो वा कुंजरो वा. अश्वत्थामा मेला, माणूस की हत्ती, कोण जाणे. युधिष्ठिर शब्दानं खोटं बोलला नाही. पण ज्यानं ऐकायचं होतं त्याला जे ऐकू जायला हवं होतं तेच ऐकू गेलं आणि द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं. तोवर चार अंगुळं अधांतरी चालणारा त्याचा रथ तेव्हा जमिनीला टेकला, असं महाभारतात सांगितलंय. लहानपणी मला ही शिक्षा फारच किरकोळ वाटायची. आता वाटतं, शिक्षा कसली, त्याला फक्त कळलं की आपणही इतरांसारखेच जमिनीवरचे आहोत.

पण मग बाबांचे गुरुजी? त्यांनी तर उघडउघड खोटं लिहिलं. पोळ्याच्या मुलाला जूनमध्ये जन्माला घातलं. माझ्यापेक्षा त्यांचं खोटं मोठं. तरी मला ते माफ करावेसे वाटतात आणि स्वतःला नाही. ते माझ्या बाबांचे म्हणून? की खरंच काही फरक आहे?

पहिलं उत्तर मनात येतं ते हेतूचं. त्यांनी मुलासाठी केलं, मी टक्क्यासाठी. पण एवढ्यानं भागत नाही. मलाही तेव्हा वाटत होतं, की मी शाळांसाठी करतेय, थकलेल्या शिक्षकांसाठी करतेय. हेतू आपल्याला हवा तसा आठवतो.

कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १७९७ मध्ये एका निबंधात म्हटलं होतं, की खुनी दारात येऊन ‘तुझा मित्र घरात आहे का’ विचारत असला तरी खोटं बोलू नये. हे टोकाचं आहे, मला पटत नाही. पण त्यात त्यानं दिलेलं एक कारण माझ्या कामाचं निघालं. तो म्हणतो, समजा तुम्ही ‘मित्र घरात नाही’ म्हणालात, आणि मित्र खरोखरच मागच्या दारानं बाहेर पडलेला असला, आणि तुमच्या खोट्यामुळं परत फिरलेल्या खुन्याला तो रस्त्यात सापडला, तर ती जबाबदारी तुमची. खरं सांगणारा तेवढंच देणं लागतो. खोटं सांगणाऱ्यानं मात्र पुढं जे काही होईल ते सगळं अंगावर घेतलेलं असतं.

या मापानं मी दोघांकडं बघते. बाबांच्या गुरुजींनी तारीख लिहिली ती समोर उभ्या असलेल्या बाईचं ऐकून, तिच्यासमोर, तिच्या पोराचा चेहरा बघून. आजीला ठाऊक होतं की खरी तारीख वेगळी आहे आणि कागदावरची वेगळी. बाबांनाही आयुष्यभर ठाऊक होतं. ते खोटं घरातल्या सगळ्यांना ओळखीचं होतं. त्याची किंमत शेवटी बाबांनीच मोजली, पण काय मोजतोय हे कळून मोजली.

माझ्या नोंदीबद्दल त्या आईला काहीच ठाऊक नव्हतं. आपल्या मुलीनं कुठंतरी शाळा सोडलीय, हे तिला दहा महिन्यांनी परक्या माणसाकडून कळलं. आणि कळल्यावर तिनं पहिली शंका घेतली ती स्वतःवर. मला इथं फरक सापडतो. नोंद चुकणं आणि नोंद सोयीची करणं या दोन्ही गोष्टी माणसाच्या हातून होतात. पण जिच्याबद्दल नोंद आहे तिला ती माहीत नाही, तिला ती बदलता येत नाही, आणि त्रास मात्र तिच्याच वाट्याला येतो, अशी नोंद करणं हा अन्याय आहे. बटण अधिकृत असलं तरी.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. मी स्वतः एकाही मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये टाकलं नाही. टाकलं ते शाळांनी. मी फक्त ‘असं करता येतं’ म्हणाले. पण प्रशिक्षण देणाऱ्याचं वाक्य साधं नसतं. पन्नास माणसं ते नियम म्हणून लिहून घेतात. एका गुरुजींनी १ जून लिहिलं तर एक पोरगा चुकतो. ‘तारीख नसेल तर १ जून लिहा’ असं कुणी शिकवलं, की पिढी चुकते. मी डॉट शिकवला. अजूनही तालुक्यात काही मुलांचे वडील डॉट आहेत.

*

साताऱ्यातल्या एका शाळेच्या रजिस्टरमधली एक नोंद तुम्हाला माहीत असेल. १९१४ या क्रमांकासमोर नाव आहे: भिवा रामजी आंबेडकर. प्रवेशाचा दिवस ७ नोव्हेंबर १९००. ती शाळा आता प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

मी हल्ली प्रशिक्षणात या नोंदीबद्दल सांगते. मोठेपणा सांगायला नाही. ज्या लिपिकानं त्या दिवशी ती ओळ लिहिली, त्याला काय ठाऊक होतं? त्याच्यासाठी ती १९१३ नंतरची ओळ. दुपारी आणखी काही लिहायच्या असतील. त्यानं आलेल्या मुलाचं नाव आलेल्या दिवशी लिहिलं, एवढंच केलं. एवढंच करायचं असतं. कुठली ओळ कुणाची आहे, हे ती लिहिताना कळत नाही.

आता मी पहिला तासभर प्रोजेक्टर लावतच नाही. सगळ्यांना आपापला जीआर आणायला सांगते आणि एकेक नोंद मोठ्यानं वाचायला लावते. मग तीन प्रश्न: ही नोंद कुणाची? चुकली तर चकरा कोण मारणार? त्यांना ही नोंद आहे हे माहीत आहे का? त्यानंतर लॉगिन. आधार पेंडिंग असेल तर पेंडिंग ठेवायचं. कारणाचा एक रकाना मी माझ्या एक्सेलमध्ये वाढवलाय, वरून कुणी मागितलेला नाही: ‘आई ऊसतोडीला, दिवाळीनंतर येणार’, ‘बोटांचे ठसे उमटत नाहीत’, ‘आधारवर जन्मसाल चुकलं, दोनदा जाऊन आले’.

याची किंमत आहेच. गेल्या वर्षी आमचा टक्का पुन्हा खाली होता आणि माझ्याकडं लेखी खुलासा मागितला गेला. मी तो एक्सेल जोडून पाठवला. करार वाढला, पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मला झोप नव्हती. एका मुख्याध्यापिका मॅडमनी मला तोंडावर सांगितलं, ‘तुमची तत्त्वं ठीक आहेत हो, पण लाल यादीत नाव आमच्या शाळेचं येतं.’ त्यांचं चूक नाही. खरं लिहिण्याचा भुर्दंड खालच्या माणसानं एकट्यानं भरायचा, अशी व्यवस्था असेल तर खालचा माणूस डॉटच टाकणार. हा प्रश्न माझ्या ट्रेनिंगनं सुटणारा नाही, हेही मला कळतं.

परवा दुसऱ्या तालुक्यातून एका शिक्षकांचा फोन आला. ओळख ना पाळख. ‘मॅडम, तुमचीच व्हॉइस नोट आहे ना, ड्रॉपबॉक्सवाली? आमच्या ग्रुपवर आलीय. फार सोप्पं करून सांगितलंय तुम्ही. एकच शंका होती...’

मी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. मुलीचं, वह्यांचं, साडेतीन आठवड्यांचं. ते ‘हो का, हो का’ म्हणत राहिले. मग त्याच रात्री मी नवी व्हॉइस नोट केली आणि सगळ्या ग्रुपवर टाकली. ती सव्वाचार मिनिटांची झालीय. लोक म्हणतात फार लांब आहे. जुनी अजून फिरतेय.